टाकी आता गळत नाही

वास

आधी आला, ओल नंतर दिसली. माधवने बोटीच्या पुढच्या केबिनमधली गादी उचलली, तिच्याखालची फळी उचलली आणि लगेच परत ठेवली. मग नाकाला रुमाल बांधून पुन्हा उचलली. फळीखाली, बोटीच्या निमुळत्या टोकात, पिवळट प्लास्टिकची टाकी बसवलेली होती. बोटीवरच्या संडासाचं सगळं तिच्यात साठायचं. म्हणजे साठायला हवं होतं. टाकीच्या बुडाशी करडं पाणी जमलं होतं आणि तिथून ते हळूहळू मागे, बोटीच्या पोटातल्या खळग्याकडे चाललं होतं. खळग्यात एक लहान पंप होता. पाणी चढलं की तो आपोआप सुरू व्हायचा आणि जे असेल ते बाहेर टाकायचा.

बाहेर म्हणजे नर्मदेत.

माधवने पंपाची वायर उपटली.

बोट

शिडाची होती. डहीच्या खाली, जिथे धरणाचं पाणी फुगून नर्मदेचा तलाव झाला आहे, तिथे इंदूरच्या एका हौशी माणसाने ती गोव्याहून ट्रेलरवर आणली होती. काही हिवाळे त्याने पाहुणे फिरवले, मग कंटाळला आणि बोट बापूच्या हवाली करून गेला. बापू तिथलाच, जुना नावाडी. शीड चढवायला तो त्या इंदूरवाल्याकडूनच शिकला. इंजिनाच्या होड्या काठावर पुष्कळ होत्या, त्यातली एखादी माधवला सहज मिळाली असती. पण माईला इंजिन नको होतं. डिझेलचा तवंग पाण्यावर पसरतो आणि त्यात रंग दिसतात, ते तिने एकदा पाहिलं होतं आणि तोंड फिरवलं होतं.

माई

म्हणजे माधवची आई. राहायला देवासला. तिची नर्मदेची परिक्रमा व्हायची राहिली होती. सगळी नाही, एक तुकडा. ती तुकड्या-तुकड्यांनीच चालत आली होती: दर हिवाळ्यात थोडं, जिथे थांबली तिथल्या घाटाला नमस्कार करून परत, पुढच्या हिवाळ्यात त्याच घाटावरून पुढे. असं करत दोन्ही काठ जोडत आणले. मध्ये डही ते चिखलदा एवढा भाग सुटला, कारण त्या हिवाळ्यात ती आजारी होती. बरी झाली तोवर धरणाचं पाणी वर आलं होतं आणि काठावरची वाट, तिच्यावरची गावं, चिखलद्याचा घाट, सगळं खाली गेलं होतं. मग खुब्याचं हाड मोडलं.

वरच्या डांबरी रस्त्याने गाडीतून नेतो, असं माधव म्हणाला होता. तिथून नदी दिसत नाही, म्हणून ती नको म्हणाली. शेवटी एका आश्रमातल्या महाराजांनी सांगितलं की पाण्याखाली गेली तरी वाट वाटच असते. पात्र न ओलांडता, याच काठाला धरून, त्या वाटेच्या वरून होडीने गेलात तर चालल्यासारखंच आहे.

एका दिवसाचं काम होतं, वारा असेल तर. पण माईला हृदयासाठी पाण्याची गोळी चालू होती आणि घडीघडीला उठावं लागायचं. काठाला सगळीकडे गाळ, वर उभी दरड. तिला उतरवणं, चढवणं, खाली बसवणं, यातलं काहीच जमणारं नव्हतं. म्हणून संडास असलेली बोट.

तिने एकच विचारलं होतं. खाली जाणार नाही ना काही?

नाही, माधव म्हणाला.

थेंबभरही?

थेंबभरही नाही, तो म्हणाला. तेव्हा त्याने टाकी फक्त वरून पाहिली होती.

पुढच्या हिवाळ्याबद्दल डॉक्टर काही बोलले नव्हते. त्यांनी विषयच काढला नव्हता.

आतलं

आधी उपसायला हवं होतं. ते माईचं नव्हतं, माधवचं नव्हतं. कधीतरी येऊन गेलेल्या पाहुण्यांचं होतं आणि ते कुणाचं, हे विचारण्यात अर्थ नव्हता. बापूने वर पडीक जागेत खड्डा खणला, चुना आणला. माधव डब्याने उपसून पिंपात भरायचा, दोघं मिळून पिंप दरडीवर चढवायचे. माधव देवासच्या जलप्रदाय विभागातून नुकताच निवृत्त झाला होता. साऱ्या नोकरीत त्याने शहराला पाणी पोचवण्याचं काम केलं. ते वापरून झाल्यावर कुठे जातं, ते दुसऱ्या विभागाकडे होतं.

टाकी रिकामी झाल्यावर आरसा घालून त्याने बुड पाहिलं, आणि तिथे कोपऱ्यात त्याला दिसली ती

भेग

केसाएवढी. बोटाने दाबली की ओठांसारखी उघडायची.

डहीच्या हार्डवेअरच्या दुकानात मळून लावायचं काळं सील मिळालं. लावलं. वाळलं. नखाने सालीसारखं निघालं.

घासून लावलं. निघालं.

दोन बाटल्यांचं मिश्रण, जे दगडालाही धरतं असं दुकानदार म्हणाला. दगडाला धरत असेल.

सायकलच्या ट्यूबचं ठिगळ. मग वर पत्रा, वर स्क्रू. स्क्रूच्या भोकातून नवी भेग निघाली आणि ती जुन्या भेगेकडे चालू लागली.

बापू मधूनमधून केबिनच्या दारातून आत डोकवायचा. एकदा त्याने विचारलं की साहेब, एका दिवसापुरतं अम्माजीला घट्ट धरून ठेवता येणार नाही का. माधवला आधी कळलं नाही तो कशाबद्दल बोलतो आहे. मग कळलं. नाही, तो म्हणाला, त्या गोळीने नाही धरता येत.

फोन

लावला तुकारामला. तुकारामचं देवासला पाण्याच्या टाक्या जोडायचं दुकान होतं. त्याचे पूर्वज पवारांच्या पागेत घोड्यांच्या पाण्याच्या पखाली शिवत, आणि गळणारी वस्तू आपल्या खानदानात पिढ्यान्पिढ्या चालत आली आहे असं तो कुणालाही सांगायचा.

– माधवभिया, त्याला काही चिकटतच नाही. ते प्लास्टिक तसंच असतं.

– मग करू काय?

– नवी बनवतो ना. माप पाठवा. फोटो नको, फोटोत सगळं छोटं दिसतं.

– बोटीची टाकी आहे, तुकाराम. आकार वाकडा आहे.

– टाकी टाकी असते भिया. छतावर ठेवा नाहीतर जहाजात.

– माईला एकादशीच्या आत न्यायचंय.

– मग रडताय कशाला? मी येतो ना घेऊन. माईचं काम म्हणजे आपल्या घरचं. आणि ऐका, तोवर तिथे कुणाला बसू देऊ नका.

नवी टाकी

आली जीपच्या टपावर बांधून, देवासहून धार, धारहून कुक्षी, कुक्षीहून डही. रस्त्यात लोकांनी तुकारामला विचारलं की हे काय. त्याने एकाला देवाचं सिंहासन सांगितलं आणि दुसऱ्याला खरं सांगितलं. दुसऱ्याचा विश्वास बसला नाही.

मापात काही चूक नव्हती. जुन्या टाकीच्या प्रत्येक कोपऱ्याला तिचा कोपरा जुळत होता. फक्त ती केबिनच्या दारातून आत जात नव्हती. उभी करून नाही, आडवी करून नाही, तिरकी करूनही नाही. बापूने बोटीचं वरचं झाकण काढून पाहिलं, तिथूनही नाही. मग तिघांच्याही लक्षात एकाच वेळी आलं की असली बोट बांधताना टाकी आधी ठेवत असले पाहिजेत, आणि मग तिच्यावरून बोट.

तुकाराम म्हणाला, "बाहेर यायचं असतं तर जोर लाव म्हटलं असतं. हिला आत जायचंय."

कुणी हसलं नाही. थोड्या वेळाने बापू हसला.

जुनी टाकी आतल्या आत करवतीने कापून तुकड्यांनी बाहेर काढावी लागली. हे काम माधवनेच केलं. तुकाराम आत शिरला आणि दोनदा ओकून बाहेर आला, आणि आपण घरगुती पाण्याचे कारागीर आहोत, हे आपलं क्षेत्र नाही, असं म्हणाला. मग त्याने काठावर जनरेटर लावला, आणलेली टाकी मधोमध कापली, दोन्ही तोंडं प्लास्टिकच्या चादरीने बंद केली, गरम सळईने सांधे वितळवून जोडले आणि दोन लहान टाक्यांना मधून जाड नळी दिली. ठिणगी नाही, ज्वाळा नाही, नुसता जळक्या प्लास्टिकचा वास. माधवला तो वास गोड लागला.

दोन्ही टाक्या दारातून आत गेल्या. बसल्या. पट्टे आवळले.

पाणी

भरून ठेवायचं ठरलं, अगदी काठोकाठ. रात्रभर राहू दे, सकाळी कळेल. टाक्यांखाली माधवने वर्तमानपत्र पसरलं. बापूने बोटीवरून बादली सोडली, ओढली, सोडली, ओढली. सगळ्यांना तेच सहज सुचलं. एवढं पाणी भोवती असताना दुसरं कुठून आणणार.

सकाळी वर्तमानपत्र कोरडं होतं. माधवने ते उचलून गालाला लावलं. मग तुकारामला दाखवलं, मग बापूला. बापूला वाचता येत नव्हतं, तरी त्याने ते उलटसुलट करून नीट पाहिलं.

पाणी त्यांनी पंपाने बाहेर सोडलं. माधवने अंजूला, बायकोला, फोन केला. तिच्या शाळेत परीक्षा होत्या म्हणून ती देवासलाच होती. टाकी गळत नाही, त्याने सांगितलं. ती म्हणाली, तुझा आवाज किती दिवसांनी तुझ्यासारखा येतोय.

माई

आदल्या दिवशी धारला माधवच्या मामेबहिणीकडे येऊन राहिली होती. सकाळी गाडीने तिला डहीला, तिथून खाली काठावर आणून सोडलं. पांढरी साडी, हातात नर्मदेच्या पाण्याची लहान बाटली, दुसऱ्या हातात काठी. माधवने आणि बापूने तिला खुर्चीसकट उचलून बोटीत ठेवलं. बसल्या बसल्या तिने कडेवरून हात खाली सोडला, पाण्याला लावला, डोळ्यांना लावला.

"ही बोट कुणी बांधली असेल?" तिने विचारलं.

माधवला माहीत नव्हतं.

"ज्याने बांधली त्याचं भलं होवो," ती म्हणाली.

बापूने शीड चढवलं. वारा थोडा होता, पण होता. बोट काठाशी राहून पूर्वेकडे सरकू लागली. पैलतीर लांब, धुरकट. या बाजूला दरड, दरडीवर कापसाची शेतं. माई खाली पाण्यात बघत होती. आता आपण मारुतीच्या देवळावरून चाललो असू, असं ती म्हणाली. बापू म्हणाला, नाही अम्माजी, देऊळ अजून पुढे आहे, अजून आपण शाळेवर आहोत. मग दोघं पाण्याखालच्या गावांबद्दल बोलत राहिले, कुणाचं घर कुठे होतं, विहीर कुठे होती, आणि माईने प्रत्येक ठिकाणी हात जोडले. शाळेलाही जोडले.

तुकारामही बरोबर होता. आपली टाकी पाण्यावर कशी चालते ते पाहिल्याशिवाय जाणार नाही, असं तो म्हणाला होता.

मग माईला उठायचं झालं.

दांडा

असा वरखाली करायचा, माधवने तिला दाखवलं. ती संडासाच्या चौकटीला धरून उभी होती, तो मागून तिच्या कोपराला धरून. दांडा दाबला की पाणी येतं. हा दुसरा फिरवला की सगळं टाकीत जातं. झालं.

"पाणी कुठून येतं?"

"नळीने."

"नळी कुठून येते?"

माधवने दांडा सोडला. "बाहेरून," तो म्हणाला.

तिने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. बाहेरून म्हणजे नदीतून नाही, असं त्याला म्हणता आलं असतं. पण त्या लहानशा खिडकीतून बाहेर नदीशिवाय दुसरं काहीच दिसत नव्हतं.

तुकारामने वरून, मदत व्हावी म्हणून, ओरडून सांगितलं, "माई, बिनधास्त. रात्रभर काठोकाठ भरून ठेवली होती, थेंबभर नाही गळली."

"कशाने भरली होती?" माईने विचारलं.

वर तुकारामची पावलं दारापासून मागे सरकली.

"आणि मग ते पाणी?"

 टाकी तेव्हा कोरी होती, तिच्यात कुणी गेलेलं नव्हतं, हे माधव तिला सांगू लागला. ती ऐकत होती. बरं, ती म्हणाली, कोरी होती, ते एक वेळ राहू दे. पण हे. दर वेळी नर्मदेला वर ओढायचं, आणि अशा कामाला. हे माझ्या हातून होणार नाही, माधवा.

"नळी काढून टाकतो. वरून तांब्याने पाणी घालू."

"कुठल्या पाण्याचा तांब्या?"

बापू म्हणाला वरच्या पाड्यात हातपंप आहे. मग त्याला स्वतःलाच बरं वाटलं नाही, कारण तो खोटं बोलणारा माणूस नव्हता. "पर अम्माजी," तो म्हणाला, "यहाँ तो जो निकलता है सब मैया का ही है।"

माधवच्या नखांत अजून काळं सील होतं. कंबर सरळ होत नव्हती. बोटीच्या टोकात तो किती वेळ उताणा पडून होता, कशाकशात हात घालून, ते सगळं त्याच्या तोंडाशी आलं. मग तो जे बोलला ते त्याने ठरवलेलं नव्हतं.

"आणि देवासला काय करतेस, माई? नर्मदा पाइपने देवासला आली तेव्हा नळाला हळदकुंकू लावलंस ना? ती काय फक्त देवघरापुरती आली? आपल्या छतावर टाकी एकच आहे."

माई

चौकट धरून तशीच उभी राहिली. 

"स्वयंपाकाची वेगळी नाही?"

"नाही."

"न्हाणीची?"

"एकच आहे, माई."

"संडासातली?"

इथे अजून वेळ होता. सगळा जन्म पाइप टाकणारा माणूस पाइपबद्दल काहीही सांगू शकला असता आणि तिने मानलं असतं. 

"तीच," तो म्हणाला.

ती हळूच खाली बसायला लागली, संडासावर नाही, उंबरठ्यावर. त्याने तिला बसवलं. परिक्रमेत पात्रात साबण लावायचा नाही म्हणून ती काठापासून लांब जाऊन, बादलीने अंघोळ करायची. चूळसुद्धा तिने कधी पात्रात टाकली नाही. हे माधवला माहीत होतं. लहानपणी एकदा तिने त्याला पात्रात थुंकल्याबद्दल मारलं होतं, आयुष्यात तेवढंच.

"रोजचं," ती म्हणाली. नंतर म्हणाली, "मला कुणी सांगितलं नाही."

"कुणाच्या लक्षातच आलं नाही, माई. माझ्याही."

"तुझं तर कामच होतं ते."

 वर शीड एकदा फडफडलं, बापूने दोर ओढला आणि ते पुन्हा भरलं. बोट चांगली चालली होती. याच वेगाने दिवस मावळायच्या आत चिखलदा आलं असतं.

"मला परसाकडे जायचंय," माई म्हणाली. "काठाला घे."

माधव म्हणाला, उतरता येणार नाही तुला. ती म्हणाली, काठाला घे. माधव म्हणाला, परत चढवणं जमणार नाही, वारा पडेल, एवढाच तुकडा राहिलाय. तिने त्याचं ऐकून घेतलं आणि तिसऱ्यांदा तेच म्हणाली. तेव्हा बापूने, कुणाला न विचारता, शीड उतरवलं.

दरड

गाळाची होती. माधव गुडघ्यापर्यंत रुतला. माई त्याच्या पाठीवर होती, पाय त्याने दोन्ही हातांनी धरलेले, आणि तिचं वजन इतकं कमी होतं की त्याला दोनदा थांबून ती आहे ना ते पाहावंसं वाटलं. तुकाराम मागून हात देत होता. वर आल्यावर तुकाराम तिथेच पाठ करून उभा राहिला आणि खालच्या बोटीकडे पाहत राहिला. ती जिथे सोडली तिथे, शीड पडलेलं, सरळ उभी होती. आत दोन टाक्या, दोन्ही कोरड्या, सांधे पक्के.

कापूस कमरेएवढा होता, फुटलेला. माधवने दोन ओळींमधली जागा पाहिली. माईला खाली बसता येत नव्हतं. खुबा एका मर्यादेपुढे वाकत नव्हता. म्हणून त्याने मागून तिच्या काखेत हात घातले, तिला आपल्या छातीशी धरलं आणि स्वतः गुडघे वाकवून खाली झाला, म्हणजे ती अर्धी बसल्यासारखी झाली. साडी तिने स्वतः सावरली. त्याने वर पाहिलं. एक घार फिरत होती.

तो थांबला.

"झालं?"

"नाही."

"घाई नाही. बस."

तिचा श्वास त्याच्या हातांना लागत होता. वारा आता चांगला सुटला होता, कापसाची झाडं एका बाजूला झुकत होती.

"झालं, माई?"

"होत नाहीये."

"इथे कुणी नाही. तुकारामने पाठ केलीय."

"तसं नाही रे." ती खाली बघत होती. झाडांच्या बुडाशी काळी नळी गेली होती, ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि प्रत्येक झाडापाशी तिच्यातून थेंब पडत होता. नळी शेताच्या कडेला जाऊन एका जाड पाइपला मिळत होती. पाइप दरडीकडे गेला होता.

"ह्या कापसाला पाणी कुठलं देतात?" माईने विचारलं.

माधवने पाइपाकडे पाहिलं. किती इंची आहे, मोटर कुठे असेल, पाणी किती उंच उचलत असेल, ते त्याला बसल्या जागी सांगता आलं असतं.

"माहीत नाही, माई," तो म्हणाला.

ती पाइपाच्या वाटेने दरडीकडे बघत राहिली. त्याने तिला पुन्हा वर उचलून छातीशी धरलं, सोडता येत नव्हतं.